सात नंबरचा रिकामा रकाना

मुंबईहून कॉम्प्युटर मशीनचा रिझल्ट आला आणि देशमुखांचा सात नंबर बारा वाणांत शेवटचा निघाला.

ज्वारीचा हा वाण देशमुखांनी आठ वर्षं खपून तयार केला होता. पहिल्या तिनांत आला तरच पुढच्या वर्षी पेरणी, नाहीतर फाइल बंद. अकोल्याजवळच्या त्या फार्मवर मी स्टॅटिस्टिकल असिस्टंट होतो, म्हणून ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"मोर्शीले जाऊन संत्री लावतो आता," म्हणाले. "आठ वर्सं कायच्या मागं लागून राहिलो मी?"

मला फार वाईट वाटलं. मी कागद काढले. प्रत्येक वाणाचे चार प्लॉट. सात नंबरचे आकडे नऊ, आठ, दहा किलो, आणि चौथी जागा कोरी. फोर्ट्रान या मशीनच्या भाषेत आकडे ओळीनं रांगेत बसवतात, त्या रांगेला ॲरे म्हणतात. भोकं पाडून आकडे भरायच्या कार्डावर जागा कोरी सोडली की ते मशीन तिथे शून्य वाचायचं. म्हणजे सत्तावीस भागिले चार, सरासरी पावणेसात.

मी शहाणपणा केला. कोरी जागा गाळून कार्डं पुन्हा पाठवली. मागची सगळी रांग एकेक घर पुढे सरकली. सातानं आठाचा आकडा उचलला, आठानं नवाचा, आणि बाराव्याला एक कमी पडला म्हणून मशीनच अडून बसलं.

तिसऱ्यांदा मी तिथे ९९९ भरले. 'आकडा नाही' अशी खूण म्हणून. खूण मला ठाऊक होती, मशीनला कोण सांगणार? सात नंबर पहिला आला, सरासरी अडीचशे किलोच्या वर. प्लॉट आमच्या ऑफिसच्या व्हरांड्याएवढा होता.

फार्मचे मुख्य साहेब पुण्याचे. त्यांनी मला, देशमुखांना आणि वावरात वजनं करणाऱ्या पुंडलिकरावांना बोलावलं.

"ही जागा रिकामी का?"

"बैलानं खाल्लं जी," पुंडलिकराव म्हणाले.

"मग तसं लिहायचं ना."

"कसं लिहू सायेब? बैल तुमच्या बंगल्यावरचा हाय."

देशमुख पंख्याकडे बघत राहिले. साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"लिहा," ते मला म्हणाले. "माझं नाव नको. बैलाचं लिहा."

मी रकान्यात लिहिलं: आकडा उपलब्ध नाही, कारण सर्जा. मग पेन्सिल घेऊन सत्तावीसला तीननं भागलं. नऊ. सात नंबर तिसरा आला, आणि देशमुखांची संत्री लावायची राहिली.

पुढे मी बरीच मशीनं पाहिली. रिकामी जागा दिसली की तिथे काय भरायचं यावर सगळे वाद घालतात. मी आधी ती रिकामी का आहे ते विचारतो. ते कारण बहुतेक वेळा साहेबांच्याच दारात बांधलेलं असतं.