नवरी छे?

आमच्या शाळेत खो-खो खेळणाऱ्या मुली भरपूर होत्या, पण कॉलेजवाल्यांना आमचे खेळाचे सर दाखवतील तेवढ्याच दिसायच्या. बडोद्याहून, वलसाडहून कुणा प्रशिक्षकाचा फोन यायचा, "यंदा कोण आहे?" आणि सर दोन-तीन नावं सांगायचे. ज्यांची नावं गेली त्यांना खेळाच्या कोट्यातून प्रवेश, होस्टेल, फी माफ. बाकीच्यांनी सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या धुळीत कितीही सूर मारले तरी गुडघे फुटण्यापलीकडे हाती काही लागायचं नाही. त्यामुळे सर ग्राउंडवर आले की सगळ्या एकदम गुणी व्हायच्या. एक त्यांची खुर्ची सावलीत सरकवायची, दुसरी पाणी आणायची. मी यातलं काही करत नसे. खांबाजवळ मी गडी कशी टिपते ते त्यांना दिसतंय, एवढं पुरे असं मला वाटायचं.

आणि त्यांना ते दिसत होतं. शाळा मराठी माध्यमाची असली तरी सर गुजराती, आणि बोलणं अगदी मोजकं. नववीत वडील मला खेळातून काढायला निघाले तेव्हा ते आमच्या खोलीवर आले, चहा प्यायले, "छोकरी सारू रमे छे", पोरगी छान खेळते, एवढंच म्हणाले आणि गेले. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. म्हणून आजही मला सरांना धड वाईट म्हणता येत नाही, आणि चांगलंही म्हणवत नाही.

निवड झाली हे ते मुलींना आधी सांगत नसत. न विचारता मुलीला बाहेरगावी नेलं म्हणून एक बाप भर ग्राउंडवर त्यांच्याशी भांडून गेला होता. तेव्हापासून ते थेट घरी फोन करायचे, एकदाच विचारायचे आणि हो म्हणा की नाही, ते उत्तर शेवटचं धरायचे. फोनवर आपण कोण हे सांगायचीही त्यांना सवय नव्हती. सगळी सुरत आपला आवाज ओळखते असं त्यांना वाटत असावं.

मी बारावीत असताना शिरपूरकडच्या गावाहून माझी आत्या आमच्याकडे राहायला आली. आम्ही तिला फुई म्हणतो. तिचं लग्न सातवीतच उरकून टाकलं होतं, त्यामुळे पोरीच्या लग्नाची घाई करणारा माणूस तिला डोळ्यांसमोर नको असे. त्याच सुमारास वडिलांच्या एका चुलतभावानं माझ्यासाठी स्थळ आणलं. वडील डाइंग मिलमध्ये उभे राहून थकलेले, हो म्हणायच्या बेतात होते. फुईनं त्या काकाला असं फैलावर घेतलं की तो चहा अर्धा टाकून निघून गेला. घरात माझ्या शिक्षणासाठी भांडणारी ती एकटीच होती.

त्यानंतरच्या शनिवारी घरातला फोन वाजला. आई साड्यांना स्टोन लावायला शेजारी गेलेली, मी शाळेत. फोन फुईनं घेतला. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, "छोकरी रविवारे नवरी छे?"

फुई म्हणाली, "आमनी पोर नवरी नही शे. रविवारले बी नही आनि सोमवारले बी नही." आणि फोन ठेवला.

गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. सुरतेत वाढलेल्या आम्हा पोरांना हे ठाऊक असतं, आम्ही त्यावर चिक्कार हसलोही आहोत. फुई नवीन होती. आमची अहिराणी गुजरातीला इतकी लागून आहे की बाकीचं वाक्य तिला सगळं कळलं. छोकरी कळली, रविवार कळला, छे म्हणजे शे हेही कळलं. नवरी तर तिच्या घरचाच शब्द.

सोमवारी ग्राउंडवर गेले तेव्हा कळलं की बडोद्याचे प्रशिक्षक रविवारी मुली बघून गेले. माझ्या जागी सरांनी दुसरी उभी केली होती. मी विचारलं तर म्हणाले, "घरेथी ना पाडी." घरून नकार आला. मी तणतणत घरी गेले, नाही कोण म्हणालं विचारलं, तर फुईनं मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. कुणी मेला रविवारी लग्न लावायला निघाला होता, कसा गप्प केला. मला हसूही येईना आणि रडूही.

मी तशीच परत पळाले. सरांनी ऐकलं, आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "बेटा, नावं तर दिली. आता नवीन नाव दिलं तर ते म्हणतील, यांचा शब्द रोज बदलतो. पुढच्या वर्षी बघू." बारावीला कसलं पुढचं वर्ष असतं? एक फोन करायचा होता त्यांना. नवरी शब्दाचा घोटाळा सांगितला असता तर बडोद्याचा माणूसही हसला असता आणि मला बघायला तयार झाला असता. या एका फोनचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बारावी झाली. होस्टेल नाही, कॉलेज नाही. तेच स्थळ परत आलं. फुई पुन्हा भांडली, पण "मग घरी बसून काय करेल ती?" असं वडिलांनी विचारलं तेव्हा पदर खोचून आत निघून गेली. मी घरी का बसले ते मला ठाऊक होतं, पण ते सांगितलं असतं तर ती उरलेलं आयुष्य स्वतःला खात बसली असती.

हळदीच्या दिवशी ती माझ्या पायांशी बसून रडत होती. म्हणाली, "तो रविवारना नवरदेव मी टाळा, पोरी. हाऊ मातर टाळता उना नही."

मी तिचे डोळे पुसले आणि म्हटलं, "फुई, तू खूप केलं."