बँकेच्या भिंतीले खिळा नाही

होम लोनचा हप्ता भरला की मुद्दल थोडं तरी कमी होते. किस्स्यायचं तसं नाही बाप्पा! ते व्याजावानी वाढतच जाते. नेरच्या बस स्टँडामागच्या आमच्या लेआउटमध्ये परवापर्यंत एक घर बिनालोनचं नोतं. संध्याकाळी नाल्याच्या पुलियावर बसलं की दुसरा विषयच निंघत नाही.

*

पाच तारखेले सकाळी लेआउटमधले सगळे मोबाइल एका दमात वाजते. हप्ता कटल्याचा मेसेज! माहा शेजारी वानखडे, त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. तो दात घासता घासता अंगनातूनच ओरडते, "आला रे जावई! करा मानपान!" अन् तिथून महिनाअखेरपर्यंत भाजीले पैसे नाही म्हनून घरोघरी बेसनच शिजते.

*

याच वानखडेनं दुकान वाढवाले घरावर टॉप-अप लोन मांगितलं. बँकेनं घराची किंमत काढाले मानूस धाडला. त्यानं टेप लावून खोल्या मोजल्या, गच्चीवर गेला, संडासचं दारबी उघडून पाह्यलं. वहिनीनं पोहे केलते, ते खाऊन त्यानं आकडा सांगितला. बांधलं त्याच्या तिप्पट!

वानखडेचा चेहराच उतरला. मले हळूच म्हने, "भाऊ, इतक्या महागाच्या घरात राहाचं आपल्याले परवडन काय?"

*

आता माहं. मी एसटी डेपोत मेकॅनिक. व्याजदर वाढला तं बँकेनं हप्ता तोच ठेवला अन् मुदत लांबवली. हिशेब केला तं रिटायर झाल्यावरही कितीतरी वर्षं हप्ता चालूच! मी डोक्याले हात लावून बसलो.

बायको कांदे चिरता चिरता म्हने, "रडता कायले? तोवर तुमी जित्ते राहान, असा बँकेले भरोसा हाय. मले तं नोता!"

*

पन सगळ्यायवर कडी केली ते गावंडे सरनं. सर शाळेत गनित शिकवते, वागनंबी तसंच. लोनच्या कागदावर सही करताना बँकेचा साहेब सहज म्हनला, "फिटेपर्यंत घर आमच्याकडं तारन हाय बरं सर." मास्तर मानूस, मनावरच घेतलं! घरी येऊन फर्मान काढलं, "घर बँकेचं हाय. भिंतीले खिळा ठोकाचा नाही!"

झालं! कॅलेंडर फ्रिजवर, आरसा खुर्चीवर, घड्याळ टीव्हीपाशी.

सरच्या आईले एकच आस होती. नवऱ्याचा फोटो समोरच्या भिंतीवर लागावा. प्लॉटचा बयाना त्या मानसानंच देल्ला होता, घर मातर पाह्यलं नाही. फोटो कपाटाले टेकून खालीच. बुढी रोज पदरानं काच पुसे अन् म्हने, "तुमाले भुईवर बसवलं जी पोट्ट्यानं!"

आमी लय समजावलं, "सर, एका खिळ्यानं बँक बुडत नाही!"

सर म्हने, "दुसऱ्याच्या वस्तूले भोक पाडाचं नाही."

मंग गेल्या पावसाळ्यात बुढी दवाखान्यात भरती झाली. आधी लोन फिटते का आधी बुढी जाते, हेच कळे ना. पन बुढी चिवट! घरी आली, पह्यले फोटो पुसला.

*

अन् परवा सरनं शेवटचा हप्ता भरला. कागद पिशवीत घेऊन बँकेतून निंघाले ते थेट हार्डवेअरच्या दुकानात. आख्खी लेआउट त्याइच्या घरी जमली. वानखडेनं स्टूल धरला. पह्यला हातोडा सरच्या बोटावरच बसला! दुसऱ्यानं खिळा गेला आत, अन् फोटो लागला.

बुढी खाटेवर बसून पाह्यत राह्यली. हासून राह्यलती अन् डोयेबी पुसून राह्यलती.

सर स्टुलावरून उतराले लागले तशी बुढी वरडली, "थांब! बाजूले आजून एक ठोक!"

"आजून कायले, आई?"

"माह्यासाठी. आत्ताच ठोकून ठेव. तुहा काय भरोसा, उद्या पुन्हा लोन काढशीन!"