तिसऱ्या माणसाच्या खांद्यावर

माणूस नावं विसरतो, तारखा विसरतो, दिलेला शब्दही विसरतो. पण एकदा नीट पाहिलेला चेहरा तो मरेपर्यंत विसरत नाही. हे वाक्य मी वर्गात तीस वर्षं ऐकवलं. ते खोटं आहे हे कळायला मला कारागृहापर्यंत जावं लागलं.

त्या सकाळी मी नेहमीसारखा दूध कट्ट्यावर उभा होतो. आमच्या गावात म्हशी कट्ट्यावर आणतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. मी ग्लास तोंडाला लावला आणि शेजारच्या काकू ओरडल्या. मोटारसायकलवरच्या दोघांनी मागून येऊन त्यांचं मंगळसूत्र ओढलं होतं. काकू तोंडावर पडल्या, त्यांना काहीच दिसलं नाही. मागे बसलेल्यानं मात्र एकदा वळून पाहिलं, ते माझ्याकडे. दोन सेकंद असतील. जबाबात आलं, ‘चेहरा स्पष्टपणे पाहिला.’ ‘स्पष्टपणे’ हा शब्द हवालदाराचा. पण मला तो आवडला, म्हणून राहू दिला.

दोन महिन्यांनी ओळख परेडीची नोटीस आली. एक तरुण पकडला होता. त्याच्याविरुद्ध तशीच दिसणारी एक मोटारसायकल होती आणि मी होतो. मी ओळखलं तर तो खटला संपेपर्यंत आत राहणार. नाही ओळखलं तर जामीन मिळणार. न्यायला आलेल्या हवालदारानं हे मला वाटेतच सांगून टाकलं.

कारागृहाच्या फाटकाबाहेर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नेसरीहून पहिली एसटी धरून आलेली. त्या तरुणाची आई.

“पावणं, ओळख द्यायला आलाय व्हय?” तिनं विचारलं. मी मान हलवली.

“माझा हाय म्हणून सोडा, असं म्हणत न्हाय. पर नीट बघा. कोणच वाटला न्हाय, तर न्हाय म्हणून सांगा. त्यात काय कमीपणा न्हाय.”

“ए मावशी, साक्षीदाराशी बोलू नको,” हवालदार खेकसला.

आत मात्र सगळं गंभीर होतं. परेड पोलिसांनी घ्यायची नसते, म्हणून नायब तहसीलदार आले होते. दोन पंच होते, त्यातला एक भर उन्हाळ्यात कोट घालून आलेला. हवालदाराला बाहेर काढलं, दार लावलं, दार लावल्याची नोंद झाली. समोर सात माणसं, सारख्या वयाची, सारख्या अंगाची, सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे. एक आरोपी, बाकी सहा डमी.

“यांच्यातला कोण, ते हात लावून दाखवा,” साहेब म्हणाले.

यांच्यात तो नसेलही, असं कुणी म्हणालं नाही. सात माणसं उभी केली आहेत, साहेब आलेत, कोट आलाय. एवढ्या तयारीपुढे रिकाम्या हातानं परत फिरणं मला उद्धटपणाचं वाटलं.

मी रांगेपुढून दोनदा फिरलो. पाचव्याचा जबडा थोडा तसा वाटला. मग तिसऱ्यापाशी आलो आणि थांबलो. हाच चेहरा. तीच सकाळ, तोच उजेड. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

“आवो सर!” तिसरा ओरडला. “मी की! कट्ट्यावरचा! रोज तुमच्या ग्लासात धार कोण काढतंय?”

“डमीनं बोलायचं नाही,” साहेब म्हणाले.

“आता डमी कुठला, साहेब? सरांनी आरोपी केला की मला!”

रांगेतून दोघं-तिघं खुसखुसले. पाचवा हसला नाही.

झालं होतं ते असं. सहा माणसं आण, असं साहेबांनी आपल्या शिपायाला सांगितलं होतं. शिपाई आमच्याच पेठेतला. एका शब्दावर कारागृहात येऊन उभी राहतील अशी माणसं कोल्हापुरात मिळतात ती आपल्या तालमीत. तो तिथलीच सहा घेऊन आला. त्यातलाच हा तिसरा, कट्ट्यावरचा गवळी. म्हशीखाली वाकलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तो मी कित्येक वर्षं पाहत होतो. टॉवेलाशिवाय ताठ उभा राहिलेला तो मी ओळखला नाही, फक्त ‘ओळखीचा’ आहे एवढं ओळखलं. त्या सकाळी तो चेहरा मी पाहिला होता, हे अगदी खरं.

शिपाई दुसऱ्या पेठेतला असता, तर? हात तरीही कुणाच्या तरी खांद्यावर पडलाच असता. बहुधा पाचव्याच्या. पाचवा फाटकाबाहेरच्या त्या बाईचा मुलगा होता. चोरी त्यानं केली की नाही, मला माहीत नाही. एवढंच वाक्य मी आत बोलायला हवं होतं, आणि ते मला आयतं पढवलंही होतं. फक्त पढवणारीला आत प्रवेश नव्हता.

बाहेर आलो तेव्हा ती उठून उभी राहिली.

“नीट बघितलंसा न्हवं?”

मी हो म्हणालो.

पुढे त्याला जामीन मिळाला. मंगळसूत्र सापडलं नाही. पंचनाम्यात, साक्षीदाराने डमी क्रमांक तीन यास न डगमगता ओळखले, अशी नोंद आहे. कट्ट्यावर मी अजून जातो. मला ग्लास देताना तो आता डोक्यावरचा टॉवेल काढतो.