कागद सरळ फाटतो तिकडून

"आरटीईवाले पाँच बच्चे, इधर आओ. तुम लोग प्लेन उठाके लाओगे."

सातवीच्या वर्गात विज्ञानाच्या मॅडम बोलल्या. आरटीईवाले म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने बिनफी घेतलेली आम्ही गरीब घरची मुलं. सगळ्यांसमोर. त्या दिवशी कागदी ग्लायडरचा प्रयोग होता. पंख रुंद केले की ग्लायडर किती दूर जातं, ते टेपने मोजायचं आणि फळ्यावरच्या तक्त्यात लिहायचं. बाकीच्यांनी उडवायचं, मोजायचं, लिहायचं. आम्ही पाच जणांनी व्हरांडाभर धावून पडलेलं उचलायचं. तक्त्यात आमची नावंच नव्हती.

मी घरून ग्लायडर बनवून आणलं होतं. वर्तमानपत्राचं. ते दाखवलं.

मॅडम मराठी. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. वर्गाशी हिंदी बोलायच्या, मला मात्र मराठीत म्हणाल्या, "रद्दी आहे ती. प्रयोग फी भरणाऱ्यांचा आहे. तू उचल."

हिंदीत बोलल्या असत्या तर कमी लागलं असतं.

बाबा भंडाऱ्याहून रायपूरजवळ सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात आले. आम्ही भनपुरीत एका खोलीत राहायचो. वाळत घातलेली चादर कारखान्यांच्या काजळीने संध्याकाळपर्यंत काळी. बाबांना खोकला धरला, तसं ठेकेदाराने त्यांना कामावरून काढलं. मग घर आईवर. ती रद्दीच्या थैल्या चिकटवायची, सदर बाजारातल्या दुकानांत नेऊन द्यायची. चौथीपासून मीही तिच्यासोबत बसायचे. चुकीची घडी घातली की पाठीत धपाटा.

"पोट्टे, कागद सरळ फाटते तिकून घडी घाल. आडवी घातली का फुगते. किती डाव सांगू तुले?"

कुठलाही कागद एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. थैली करणाऱ्या बाईला हे रोज हातात कळतं. माझं ग्लायडर मी तसंच घडी घालून बनवलं होतं.

प्रयोग सुरू झाला. आकडे काही जुळेनात. त्याच मापाचं एक ग्लायडर दूर जायचं, दुसरं पुढ्यातच नाक खुपसायचं. मॅडम मुलांवर चिडल्या, "ठीक से फेंको!"

उचलता उचलता माझ्या बोटांना कळलं. पडणाऱ्यांच्या घड्या फुगलेल्या होत्या. चार्टपेपर अर्धा उभा कापला होता, अर्धा आडवा.

मी म्हटलं, "मॅडम, कागद दोन तऱ्हेने कापला आहे. म्हणून असं होऊन राहिलं."

मागून एक पोट्टा ओरडला, "ठोंगावाली बोली!" ठोंगा म्हणजे रद्दीची थैली. वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "थैल्या चिकटवणारीची मुलगी मला विज्ञान शिकवणार?"

तेवढ्यात त्याच पोट्ट्याचं ग्लायडर माझ्या पायाशी पडलं.

"ए, उठा ना."

"तेरा है. तू उठा."

माझा आवाज मलाच नवा वाटला. मी व्हरांड्यातल्या टेबलावरचा चार्टपेपर घेतला. एका बाजूने फाडला. सरळ. दुसऱ्या बाजूने फाडला. वाकडातिकडा. हसणं थांबलं. टेप धरलेली मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, सच में."

मग मी माझी रद्दी उडवली. व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उतरली. त्या मुलीने मोजलं. साडेनऊ मीटर. सगळ्यांपेक्षा जास्त. मी आत गेले, खडू उचलला आणि तक्त्याखाली माझं नाव लिहिलं. पुढे साडेनऊ.

मॅडमनी डस्टर फिरवला. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी दंड धरून मला प्रिन्सिपलकडे ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. नखांत वाळलेली लई, थैल्या चिकटवायची खळ, तशीच घेऊन ती आली. कोणी बस म्हटलं नाही. प्रिन्सिपल म्हणाले, "बच्ची माफी माँगे, नहीं तो नाम काट देंगे."

आईने हात जोडले. "साहेब, लहान आहे. नका काढू." मग माझ्याकडे वळली. "माग ना बाई माफी. काहून अशी करतं?"

तो अपमान माझ्या अपमानापेक्षा मोठा होता. मी म्हटलं, "आई, हात खाली कर. मी खरं सांगितलं. माफी कायची मागू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आणि हात खाली केले.

नाव कापणं त्यांच्या हातात नव्हतं, कायदा होता. चार दिवस घरी बसवलं. पाचव्या दिवशी मी गेले आणि आमचा मागचा बाक सोडून दुसऱ्या रांगेत बसले. पुढच्या प्रयोगात मॅडमनी उचलायला सांगितलं, तेव्हा आम्ही पाचही जण जागेवरून हललो नाही. त्या महिन्यात तक्त्यात पाच नावं वाढली. प्रेमाने नाही वाढली. आम्ही हललो नाही म्हणून वाढली.

पुढे मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच. कुणाच्या मेहेरबानीवर नाही, माझ्या मार्कांवर. ती माफी मी मागितली नाही. मागणारही नाही.