हिप्परग्याच्या काठावर

आई पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मी घराबाहेर पडत होते ती फक्त औषधं आणायला. रात्रीची सलग झोप कशी असते हेच विसरले होते. नवरात्र संपल्यावर बहीण अक्कलकोटहून राहायला आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "शेजारची मंडळी रविवारी तलावावर पक्षी बघायला जातात म्हणे. तू पण जा की. आईजवळ मी आहे."

मला पक्ष्यांचं काही वेड नव्हतं. पण वाद घालायचाही कंटाळा आला होता, म्हणून गेले.

उजाडता उजाडता हिप्परगा तलावावर पोचलो. माहिती सांगणारे सर कॉलेजात शिकवायचे. त्यांनी दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर लावली आणि एकेकाला बोलावलं. "तो तुतवार. चिखलात चोच खुपसतोय बघा. हिमालयापलीकडून आलाय."

मी डोळा लावला. धुरकट पाणी आणि माझ्याच पापण्या.

"दिसला?"

"हो."

मग शेकाट्या दाखवून झाला, चांदवे दाखवून झाले. प्रत्येक वेळी मी मान डोलवली. पुढच्या पक्ष्याच्या वेळी सरांनी मला सहज विचारलं, "कुठल्या बाजूला चाललाय?" आणि मला एकदम रडूच फुटलं.

"मला काहीच दिसलेलं नाही हो. सकाळपासून एकसुद्धा नाही. डोळेच उघडे राहत नाहीत माझे."

सरांची बायकोही बरोबर आली होती. तिनं माझा दंड धरला, बाभळीखाली चादर अंथरली आणि म्हणाली, "बसा हितं. त्यांचं चालू दे." थर्मासमधला चहा ओतून दिला. "घरी कोण आजारी आहे?"

"आई."

"माझे सासरे लई दिवस होते अंथरुणावर," ती म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. चहा पिता पिता मी कधी आडवी झाले, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं. माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून तिनं फांदीला आपली शाल अडकवली होती. मंडळी परत येऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसली होती. मी उठायला लागले, तर सरांनी हात वर केला. "हलू नका."

माझ्या पावलांपाशी एक करडा-पांढरा पक्षी शेपूट वरखाली करत माश्यांमागे धावत होता. दुर्बीण नको की काही नको. थोडा वेळ धावला आणि भुर्रकन उडाला.

"धोबी पक्षी," सर म्हणाले. "यंदाचा पहिलाच."

"माझाही," मी म्हणाले, तर सगळे हसले. मीही हसले. पण हसतानासुद्धा अंग दुखत होतं.

घरी आले तर बहीण दारातच. केस विस्कटलेले, पदर ओला. "अगं, क्षणभर टेकू दिलं नाही तिनं! कसं करतेस तू हे रोज?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसले. आतून आईनं तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये पाणी मागितलं. मी उठायला गेले, तर बहिणीनं मला खांद्याला दाबून खाली बसवलं आणि तीच आत गेली.

आता ती दर महिन्याला आठवडाभर येते. मला म्हणते, तलावावर जाऊन ये. मी नाही जात. दार लावून घेते आणि झोपते.