संगिनींचा बैलबाजार

चीनशी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्यात फौजेसाठी शस्त्रं खरेदी करणाऱ्या कचेरीत कारकून होतो, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुण्याजवळच्या नेरे गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न ठरलं होतं! होणाऱ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, अट एकच. "पोरगी लांब द्यायची न्हाई. बदली झाली की सोयरीक मोडली." मी छाती ठोकून सांगितलं, कारकुनाला कोण हलवतंय!

एकदा त्यांच्याबरोबर बैलबाजारात गेलो. व्यापारी झूल घातलेली जोडी पुढं करत होता. मामांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या रांगेतला बैल सोडायला लावला. "चिखलातनं गाडी वढू दे त्याला, मग बोलू."

आमच्या कचेरीत नेमकं उलटं. ठेकेदार बंदुकीला लावायच्या संगिनींचा निवडून एक नमुना आणायचा, आम्ही तो पास करायचो, मग पेट्याच्या पेट्या आत. मला राहवलं नाही. साहेबांपुढं उभा राहून म्हणालो, "साहेब, संगिनी बैलासारख्या घेऊ या. धंद्यातला माणूस घेतो तशा, वापरून बघून!" कचेरी फिदीफिदी हसली. साहेबही हसले, पण म्हणाले, "घेऊन बघ."

नवा माल आला. ठेकेदारानं वरची चकचकीत संगीन पुढं केली. मी पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळातली उपसली आणि एका जवानाला मातीच्या पोत्यात खुपसायला सांगितली. वाकली! दुसरीही वाकली. ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं झालं आणि सगळा माल परत गेला. त्या संध्याकाळी मी सायकलवर मोठमोठ्यानं गात घरी आलो.

आठवड्यातच हुकूम आला. ही पद्धत दिल्लीच्या कचेरीला आवडली होती, आणि ती तिथं बसवून द्यायला माझीच बदली झाली होती. हसावं की रडावं कळेना. तसाच नेऱ्याला गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मंजी सोयरीक मोडली," मामा म्हणाले.

त्यांची मुलगी आतून तरातरा बाहेर आली. "आबा, आपला दादा फौजेत हाय, तितं सरहद्दीवर. ती वाकडी संगीन त्याच्या हातात पडली असती मंग? मी दिल्लीला जानार."

मामांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं.

"तितं थंडी लई असती म्हनं," ते शेवटी मला म्हणाले. "जाताना घोंगडी न्या. दोन."