सिस्टरना न पटलेला वाघ

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला आधी दाराशी नेत आणि उजेडात धरून बघत. मग ते पाणी प्यायचं की नाही हे ठरे. बहुतेक वेळा न पिण्याचंच ठरे. घरची बाई समोर उभी असायची, पण सिस्टरना त्याचा संकोच म्हणून नव्हता. "पाण्यावर माझा राग नाही," त्या म्हणत, "पण माझी खात्री नको व्हायला?"

मासवणच्या पुढे, सूर्या नदीच्या अंगाला असलेल्या एका लहानशा गावात मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. बोईसरला एकेक कारखाना उभा राहत होता आणि आमच्या भागातले पुरुष पहाटे उठून तिकडे मजुरीला जाऊ लागले होते. गावात आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या होत्या. एकीत दवाखाना, दुसरीत सिस्टर. मला खोली मिळेना, म्हणून त्यांनी मला आपल्या खोलीत घेतलं. घेण्याआधी माझ्या गावाचं नाव, वडिलांचा धंदा, आधीची शाळा आणि ती का सोडली, एवढं सगळं विचारून घेतलं. पुढे मला समजलं, की त्या आधीच्या शाळेतही त्यांनी चौकशी करून ठेवली होती.

त्या कराडकडच्या. उंच, काळ्यासावळ्या, हातात कायम काळी छत्री. आमचे हेडमास्तर त्यांना पाठीमागे 'सी.आय.डी.' म्हणत. हेही सिस्टरना ठाऊक होतं, पण त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "सांगणारा काय सांगतो ते नंतर," असं त्यांचं म्हणणं. "सांगण्यात त्याचा फायदा काय, ते आधी." मी सकाळी "आज छान दिसताय" म्हटलं, तर त्या तासभर विचार करीत आणि मग विचारीत, "काय पाहिजे होतं, बाई?"

या स्वभावाचं मूळ मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायला मिळालं. लग्न होऊन दोन वर्षं झाल्यावर त्यांना कळलं, की नवऱ्याचं मुंबईला आधीपासूनच एक बिऱ्हाड आहे. कळल्याचं दुःख त्यांनी पचवलं. पण सासरच्या सगळ्या गावाला ते लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं, हे त्यांना पचलं नाही. "अक्षता टाकायला आले होते ना सगळे," त्या म्हणाल्या, "हसून हसून टाकत होते." त्यानंतर त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि हसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

पाड्यांवर त्या लसी टोचायला जात. मला शाळेत न येणारी पोरं हुडकायची असत. म्हणून आम्ही बऱ्याचदा बरोबरच निघायचो. वाटेत सिस्टर छत्रीनं झुडपं बाजूला सारीत, दगड हलवून बघत, वळणाआधी थांबून कान देत. त्यांना भीती जनावरांची नसे. "जनावर कशाला येतंय आपल्या वाटेला? झुडपामागं असतो तो माणूसच असतो."

एकदा ओढ्याकाठी हातपाय धुवायला बसलो, तर पलीकडच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. सिस्टर ताडकन उठल्या. "बायका बघून लपून बसतोस काय रे मेल्या! थोबाड दाखव, बाहेर ये!" पुन्हा हललं. त्यांनी गोटा उचलून जाळीत भिरकावला आणि आतून जी बाहेर आली ती रानडुकरीण होती. मागोमाग तिची पिलं. त्या डुकरिणीनं आमच्या दोघींच्या मधून अशी काही धाव घेतली, की तिच्या अंगाचे राठ केस माझ्या पोटरीला घासून गेले. मी ओढ्यात बसकण मारली. सिस्टर छत्री उगारून जागच्या जागी उभ्या. सगळं शांत झाल्यावर त्या ओढा ओलांडून गेल्या आणि जाळीत वाकून नीट बघून आल्या.

"काय बघताय?" मी विचारलं.

"डुक्कर होतं हे खरं," त्या म्हणाल्या, "पण तिथं आणखी कोणी नव्हतं कशावरून?"

एका रविवारी आम्ही शिरगावला किल्ला बघायला गेलो होतो. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. किल्ल्याकडून किनाऱ्यावर उतरलो तर दहा-बारा पावलांवर एक करड्या अंगाचं, झुपकेदार शेपटीचं जनावर ओल्या वाळूत खेकडे उकरत होतं. त्यानं मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागलं. सिस्टरनी मला मागे ओढलं. "कुत्रं पिसाळलेलं आहे. बघा, लाळ गळतेय." शेजारी बोंबील वाळत घालणारी एक कोळीण होती, ती हसायला लागली. "अगो बाय, कुत्रा नाय तो, कोला हाय. रोज येतो. काय करीत नाय." सिस्टरनी कोल्ह्याकडे बघितलं, कोळणीकडे बघितलं, मग वाळत घातलेल्या बोंबलांकडे. आम्ही त्या दिवशी बोंबील न घेताच परत आलो. एसटीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "रोज येतो म्हणजे त्याला तिथं रोज खायला मिळतं. तो काय फक्त खेकड्यांवर जगतो? बोंबलांनाही तोंड लावत असणार."

मग आमच्या रानात वाघ आल्याची बोलवा उठली. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. गाव आणि डोंगरापलीकडचा पाडा यांच्या मध्ये दाट साग होता आणि त्यातून एक पायवाट जायची. गाडीरस्त्यानं डोंगराला वळसा घालून जावं तर दुप्पट चालावं लागे. वाघाची बातमी आली आणि पायवाट ओस पडली. बायकांनी सरपणाला जाणं बंद केलं.

सिस्टरना ही बातमी पहिल्या दिवसापासून पटली नाही. त्यांनी पद्धतशीर चौकशी केली. वाघ कोणी पाहिला? कोणीच नाही. सांगितलं कोणी? पलीकडच्या पाड्यावरच्या लाडक्यानं. हा लाडक्या पंचविशीचा, हडकुळा, खाली बघून बोलणारा गडी. बोईसरला मजुरीला जायचा, पण अलीकडे जात नव्हता आणि तरी त्याच्या अंगावर नवा सदरा होता. सिस्टरना तेवढं पुरलं. "रानात सागाची चोरी चाललीय," त्या मला म्हणाल्या. "लोक तिकडं फिरकू नयेत म्हणून सोडलेला वाघ आहे हा."

पुढे काही दिवसांनी पाड्यावरच्या कुणाची तरी शेळी गेली. सिस्टर म्हणाल्या, "शेळी माणसंही नेतात."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शाळा सुटायच्या सुमाराला, लाडक्याच धावत उपकेंद्रावर आला. त्याची बायको रखमी सकाळपासून अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. सिस्टरनी पिशवी उचलली, मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही चला. तिथं धडधाकट हात लागेल एखादा." आम्ही निघालो आणि सिस्टर सरळ पायवाटेकडे वळल्या.

लाडक्या आडवा आला. "बाय, तकडून नको. रस्त्यानं जाऊ."

"रस्त्यानं अंधार पडेल. तुझी बायको मरतेय ना?"

"वाघ हाय, बाय."

"तू पाहिलास?"

त्यानं रानाकडे बघितलं. "पायलाय."

"आधी म्हणत होतास पाहिला नाही!"

सिस्टर चालू लागल्या. तो काहीतरी पुटपुटला, कमरेचा कोयता हातात घेतला आणि आमच्या मागून आला. मला दोघांचंही खरं वाटत होतं आणि म्हणून जास्तच भीती वाटत होती.

रानात भर उन्हातही सावली होती. पाचोळा इतका, की आपल्याच पावलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटावा. अर्धी वाट सरली आणि सिस्टर एकदम थांबल्या. वाटेच्या कडेला डहाळ्यांनी झाकलेला एक ढीग होता. त्यांनी छत्रीनं डहाळी उचलली. खाली सागाचे ओंडके, नुकते तोडलेले, रचून ठेवलेले.

"हा बघ तुझा वाघ!" सिस्टर लाडक्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी बघितला नव्हता. "हा बघा, बाई! चार पायांचा नव्हे, चांगला बारा फुटांचा आहे!" आणि त्यांनी छत्री ओंडक्यांवर आपटली.

ढिगामागून गुरगुर आली.

मोठी नव्हती. घशातल्या घशात, कुणी झोपमोड झाल्यावर करावी तशी. मग ओंडक्यांच्या टोकाशी आधी कान दिसले, मग डोकं, मग ठिपक्यांची सगळी पाठ. तो उठून उभा राहिला. आमच्यात आणि त्याच्यात चार हातांचं अंतर असेल. त्याच्या पायाशी शेळीची हाडं आणि थोडी कातडी पडली होती. त्याच्या मिशीवर एक माशी बसलेली मला दिसली, इतका तो जवळ होता.

सिस्टरची छत्री तशीच ओंडक्यावर टेकलेली. तेवढ्यात लाडक्या पुढे झाला. ज्याला सिस्टरनी आत्ता तोंडावर खोटारडा ठरवलं होतं, तो हडकुळा गडी त्यांच्या आणि वाघाच्या मध्ये जाऊन उभा राहिला. कोयता त्यानं उगारला नाही, नुसता धरला. "बाय, पाठ नको फिरवू," तो हळू आवाजात म्हणाला. "मागं सर. हलू हलू."

आम्ही मागे सरलो. वाघ आमच्याकडे बघत होता. रागानं नाही, भुकेनं नाही, आम्ही इथं कशाला आलो असं विचारल्यासारखा. मग त्यानं तोंड फिरवलं, आणि घाई न करता तो चढ चढून सागांत दिसेनासा झाला.

लाडक्या तिथंच खाली बसला. पण सिस्टर म्हणाल्या, "चल. रखमी वाट बघतेय." आणि उरलेली वाट आम्ही झपाझप कापली.

झोपडीत गेल्यावर सिस्टरचे हात दगडासारखे स्थिर होते. बाळ पायाळू होतं. मी रखमीचं डोकं मांडीवर धरलं, तिनं माझ्या मनगटावर नखं रुतवली आणि सिस्टर तिच्याशी अशा बोलत राहिल्या, की जणू जगात दुसरं काही घडलेलंच नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आधी रडेना. सिस्टरनी तिचं तोंड पुसून काढलं, तळव्यावर टिचक्या मारल्या आणि ती रडली. मग मात्र सिस्टर अंगणात आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि सुईणीनं दिलेलं पाणी उजेडात न धरताच पिऊन टाकलं.

लाडक्या समोर उकिडवा बसला होता. "बाय," तो म्हणाला, "लाकडं आमीच तोडली. लाकडाच्या शेठचा मानूस आला व्हता. बोलला, सगल्यांना सांग, जंगल में शेर आया है. मी सांगलं. तो वाघ खोटा व्हता. मंग खरंच आला. शेली नेली. आता काय बोलू? आदीच बोललो व्हतो ना."

"म्हणजे पहिल्यांदा सांगितलास तो खोटा," सिस्टर म्हणाल्या, "आणि आज सांगितलास तो खरा."

"हो, बाय."

"मी पहिल्यालाच धरून बसले."

लाडक्यानं मान खाली घातली. चोरी जंगलखात्याला सांगणार का, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं तर धरतील कुणाला? शेठला? यालाच धरतील." पण त्या लाडक्याला सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याला पुन्हा बोईसरच्या मजुरीला लावला आणि तो खरंच जातो की नाही, हे बघायला आठवड्यातून एकदा पहाटेच्या एसटीशी जाऊन उभ्या राहत.

त्या दिवशीची गोष्ट गावभर झाली, पण ती सांगितली लाडक्यानं आणि मी. सिस्टर काही बोलत नसत. कुणी फार मागे लागलं तर म्हणत, "होता. मी पाहिला." एवढंच. हे तीन शब्द त्यांनी दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल इतक्या सरळ उच्चारलेले मला आठवत नाहीत.

तीनेक वर्षांनी त्यांची बदली कराडकडे झाली. जायच्या आदल्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी त्या मला म्हणाल्या, "चल गं, जरा फिरून येऊ." इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच 'अगं-तुगं' करीत होत्या. आम्ही पायवाटेनं निघालो. ओंडके केव्हाच गेले होते, तिथं नुसते खुंट उरले होते. एकावर सिस्टर बसल्या, दुसऱ्यावर मी.

"इथं कशाला आलो?" मी विचारलं.

"त्याला बघायला."

"आणि आला तर?"

"आला तर आला."

आम्ही बराच वेळ बसलो. कुठेतरी लांबवर लाकूड फोडल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. वाघ काही आला नाही. मग सिस्टर एकदम हसायला लागल्या. "मी इथं उभी राहून त्याला खोटं खोटं म्हणत होते," त्या म्हणाल्या, "आणि तो मेला पलीकडं पडून ऐकत होता गं!" पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या गेल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पुढच्या आठवड्यात नवी सिस्टर आली. कोवळी पोर होती, नुकती शिकून आलेली, हसरी. तिनं मला पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "बाई, इथल्या रानात वाघ आहे म्हणतात, खरं का?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"अगंबाई!" ती म्हणाली आणि निमूटपणे दिवा लावायला उठली. कुणी पाहिला, केव्हा पाहिला, सांगण्यात माझा काय फायदा, काही म्हणजे काही तिनं विचारलं नाही. मला त्या पोरीची फार काळजी वाटली.